बोटीची दुसरी चाबी

इथं घाटावर तुमची मालगाडी ऐकू येत नाही. सकाळपासून नुसती माणसं ऐकू येतात. आंघोळीवाले, नारळवाले, मोबाइलवर जोरजोरात बोलणारे. बोट मी पायऱ्यांच्या कडीला कपडे वाळत घालायच्या निळ्या दोरीनं बांधली आहे. तुम्ही ते पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. लावा. मी तुमच्यावर इतकी रागावले आहे की तुमच्या कपाळाचं आता मला काही वाटत नाही.

विहारातल्या मंडळींनी स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्म कुठला, रेल्वेत कधी लागलात, वॅगन दुरुस्तीच्या शेडात किती वर्षं काढलीत, हे मिलिंद सांगेल त्यांना. मुलाला ते तोंडपाठ आहे. मी ते लिहीत बसणार नाही. मला तुमच्याशीच बोलायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तुम्ही नेहमीसारखे मधूनच उठून गेलात.

पुण्यानुमोदनाला रायपुरातल्या गुढियारीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तुमचा धाकटा भाऊ नागपूरहून आला. भेटेल त्याला सांगत होता, "दादा राजासारखा राह्यला अन् राजासारखा गेला, पान्यावर." कोणता राजा बोटीच्या फळ्यांवर पालथा पडून जातो, हे मला त्याला विचारायचं होतं. त्याच्या ताटात भात वाढला आणि पुढं सरकले. भंतेजी अनित्यतेवर बोलले, छान बोलले, मला पटलंसुद्धा. पण सगळं अनित्य आहे हे ठाऊक असलेल्या माणसानं बोटीला एवढं मजबूत कुलूप कशाला लावलं होतं, हे मी कुणाला विचारू? तुम्हालाच विचारते आहे.

आठवतं का, क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता? गुढियारीचं आपलं दोन खोल्यांचं घर होतं, मालधक्क्याच्या मागं. रात्रंदिवस ट्रक, हमालांची आरडाओरड, पोत्यांची धूळ. तिथं जायला मी सामान बांधून तयार होते. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "जिंदगीभर डबे दुरुस्त करून देशभर पाठोले. मी मात्र शेडातच राह्यलो. आता मले हालनारं घर पाह्यजे." मला वाटलं, निरोपसमारंभाचा हार डोक्यात गेला. महिनाभरात तुम्ही एका जलाशयावरची मोडीत काढलेली सहलीची बोट ट्रकवर घालून आणलीत आणि खारून नदीच्या काठावर उतरवलीत. मिलिंदनं तोंड लपवलं. "पापा, ऑफिस में लोग पूछेंगे तो क्या बोलूँगा?" तो तेव्हा नव्या रायपुरात मंत्रालयात नुकताच लागला होता. तुम्ही म्हणालात, "सांग, बाप निघून गेला."

तुम्ही तिच्यावर पत्र्याचं छत घातलंत, दोन फळ्यांचे दोन पलंग केलेत, माझ्या शिलाई मशीनला खिडकीजवळ जागा काढलीत. खिडकी आधी केली आणि मशीन मग ठेवली, उलट नाही. तेवढ्यासाठी मी आले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते. माझ्या मशीनला आयुष्यात पहिल्यांदा कुणी उजेडाची जागा दिली होती. क्वार्टरमध्ये मी संडासाच्या भिंतीला टेकून ब्लाउज शिवले.

पण मग बोट बांधायची कुठं?

या एका गोष्टीवर आपण जेवढं भांडलो तेवढं मिलिंदच्या लग्नातसुद्धा भांडलो नव्हतो. खाली नदीवर बंधारा घालून पाणी अडवलेलं, त्यामुळं घाटापासून रेल्वेच्या पुलापर्यंत बोट बाराही महिने जाऊ शकत होती. तुम्ही सगळा काठ तपासायला निघालात. झाडांच्या फांद्यांत वाळलेलं गवत कुठवर अडकलं आहे ते पाहायचात, म्हणजे गेल्या पुरात पाणी कुठं चढलं होतं ते कळतं. बांबू बुडवून खोली मोजायचात. वळणाच्या बाहेरच्या अंगाला नाही बांधायची, धार तिथला काठ खाते. विसर्जनाच्या जागेजवळ नाही, पाण्याखाली मूर्तींचे सांगाडे आणि तारा असतात. वीटभट्टीच्या खाली नाही, धूर येतो. मी मागं बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, माणसाला समजतं खरं. आणि एवढी सगळी परीक्षा घेऊन तुम्ही बोट नेऊन लावलीत रेल्वेच्या पुलाखाली! कौह्याच्या, म्हणजे अर्जुनाच्या, एका जुन्या झाडाला.

"काहून इथं?" मी विचारलं.

"काठ पक्का आहे."

काठ पक्का होता, खोटं नाही. पण वरून मालगाडी गेली आणि तुमचे कान टवकारले तेव्हाच मला कळलं. "आयक, आयक. मधल्या डब्याचं चाक सपाट झालं. ठक-ठक करून राह्यलं ना? कोनी पाह्यलं नाही काहून हे?" पेन्शनीत आलेला माणूस पुलाखाली बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना नापास करत होता. मला हसूही आलं आणि रागही. रेल्वे सोडली म्हणून हलणारं घर घेतलंत आणि ते रेल्वेलाच नेऊन बांधलंत.

मला घाट हवा होता. मी साफ सांगितलं होतं, "मले मानसं पाह्यजे. नळ पाह्यजे, संडास पाह्यजे. हाक मारली त कोनी ओ देल्ली पाह्यजे." तुम्ही म्हणालात, "मानसंच पाहाची होती त गुढियारी काय वाईट होतं?" बोलण्यात तुमच्यापुढं कुणाचं काही चालत नसे. पुलाजवळ यायला सडक नव्हती, शेतांच्या बांधांवरून पायवाट होती. पावसात तिथं चप्पल रुतून बसायची.

संडासाचं मात्र तुम्ही मनावर घेतलंत, हे कबूल. काठावर भंगारातल्या पत्र्यांची एक खोपटी उभी केलीत. तिला वॅगनच्या दाराला असतो तसा, बाहेरून आपोआप पडणारा लोखंडी अडसर लावलात, वारा आला तरी उघडू नये म्हणून. वारा आला तरी उघडली नाही आणि मी आतून ढकलली तरी उघडली नाही. मी आत पत्र्यावर थापा मारते आहे आणि तुम्ही बोटीत रेडिओ लावून दाढी करता आहात! शेवटी आलात, बाहेरून एका हातानं अडसर उचललात आणि म्हणालात, "घाबरते काहून? मी आहो ना." मी तुमच्या अंगावर बादली फेकली होती. मग आपण दोघंही हसत सुटलो.

तेव्हा हसले. आज ते वाक्य आठवलं की अंगाची आग होते.

तुमच्या शेडातला नियम मला पाठ झाला होता. गाडी उभी केली की हातब्रेक, चाकाखाली लाकडी ठोकळा, मग साखळी, मग कुलूप. उभी गाडी आपोआप हलली तर कुणाचा तरी जीव जातो, हे तुम्ही नवीन पोरांना शिकवायचात. बरोबरच शिकवायचात. फक्त बोट म्हणजे वॅगन नव्हे, एवढं तुमच्या डोक्यात शिरत नव्हतं. तुम्ही वॅगनची साखळी आणलीत, कौह्याच्या बुंध्याला वेढा घातलात, ताणून ताणून बोटीच्या पुढच्या कडीला आणलीत आणि पितळी कुलूप ठोकलंत. हात झटकलेत. "आता हालून दाखोव."

पहिल्याच पुरात पाणी चढायला लागलं. बोटीला वर उचलायचं होतं आणि तिचं नाक तुम्ही जमिनीला बांधून ठेवलं होतं. मागची बाजू वर, पुढची खाली. दुपारची वेळ, कुकर, डबे, माझे शिवायला आलेले कपडे, सगळं घसरत पुढं गेलं आणि पुढून पाणी आत यायला लागलं. तुम्ही बोटीच्या टोकावर उलटे लोंबकळत, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, नुसत्या बोटांनी कुलूप शोधत होता. मी तुमचे पाय धरून बसले होते. कुलूप निघालं आणि बोट अशी काही उसळली की आपण दोघं माझ्या मशीनवर जाऊन आदळलो. तुम्ही भिजलेले, डोळे मोठे झालेले, आणि तोंडातून पहिलं वाक्य, "गाडी हालली व कमल!" इतकं हसले मी त्या दिवशी की पोट दुखलं. तुम्ही स्वतःची ती फजिती विहारात सगळ्यांना रंगवून सांगायचात. स्वतःवर हसणारा माणूस होता तुम्ही. ते मी विसरलेले नाही, विसरणार नाही.

त्यानंतर आपण दोर वापरायला लागलो, ढिला सोडलेला. पाणी चढलं की बोट चढे, उतरलं की उतरे. बोट हलू द्यायला तुम्ही शिकलात, असं मला वाटलं. दोन-तीन वर्षं फार सुखाची गेली. सकाळी मशीनचा आवाज आणि तुमचा रेडिओ. भांडी तुम्ही घासायचात, नदीच्या वाळूनं, आणि घासलेला तांब्या उजेडात धरून पाहायचात, जसं काही साहेब तपासणीला येणार आहेत. मला बांबूनं बोट चालवायला तुम्हीच शिकवलंत. एकदाही हसला नाहीत, एकदाही हातातून बांबू घेतला नाहीत.

मग दिवाळीनंतर कुणा दारुड्या सहलीवाल्यांनी गंमत म्हणून दोर कापला. तुम्ही बाजारात गेला होता, मी एकटी शिवत बसले होते, मान वर केली तर झाड दूर गेलेलं. मी बांबूनं बोट परत आणली, धडधाकट आणली. तुम्ही शाबासकी दिलीत आणि दुसऱ्या दिवशी साखळी पुन्हा बाहेर काढलीत. "पावसाळ्यात दोर, बाकी दिवस साखळी. हिवाळ्यात पानी चढत नाही."

मी म्हटलं, "मंग दुसरी चाबी मले द्या."

"ठेवली आहे ना जपून."

"कुठी?"

"तुले काय कराची? मी आहो ना."

या वाक्यावर आपण किती दिवस भांडलो! तुम्ही बाजारात गेलात आणि बोटीला काही झालं तर? तुम्हालाच काही झालं तर? तुम्ही हसायचात. चाबी तुमच्या पायजम्याच्या नाडीला बांधलेली असायची, शेडातल्या सवयीनं, आणि नाडीला ती अशी गाठ की दातांनीही सुटू नये. दर रविवारी कुलपात तेल घालायचात. कुलूप तेवढं फार सांभाळलंत.

आता त्या सकाळबद्दल. हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

चहा झाला होता. तुम्हाला घाम आला, तुम्ही म्हणालात गॅस झाला. मग तुम्ही छातीवर हात ठेवलात आणि काही म्हणाला नाहीत, आणि मी घाबरले. एकशे आठला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, गाड़ी कहाँ भेजें? मी सांगितलं, रेल्वे पुलाखाली, नदीत. ती म्हणाली, वहाँ तो रास्ता ही नहीं है, मैडम. घाट पे ले आओ. रास्ता नाही! तुमच्याशी मी हेच भांडत होते ना इतकी वर्षं?

मी म्हटलं, "चाबी द्या." तुम्ही उठलात. त्याही वेळेला उठलात. "तू बांबू घे. कुलूप मी खोलतो. मी आहो ना." आणि पुढच्या टोकापर्यंत गेलात, वाकलात आणि कुलपावरच पालथे पडलात. तुमच्या पोटाखाली चाबी. मी तुम्हाला उलटवू शकेना. किती जड झाला होता तुम्ही! ओढलं, रडले, शिवी दिली, कसंतरी कुशीवर केलं आणि त्या नाडीची गाठ सोडायला लागले. शेवटी शिवणाची कात्री आणून नाडी कापली. आणि कुलूप? कुलूप पहिल्या वळशात उघडलं, आवाजसुद्धा न करता. तेल घातलेलं ना. उघडायला कसलीच ताकद लागत नव्हती. फक्त चाबी माझ्या हातात असायला हवी होती.

घाटापर्यंत मी बोट आणली. सगळ्या वाटेनं तुमच्याशी भांडत आणली, मोठ्यानं, कारण भांडणात तुम्ही गप्प बसत नाही हे मला माहीत होतं. तुम्ही गप्प बसलात. घाटावर दुलारी पायऱ्या उतरून पाण्यात आली. ती तिथं नारळ-फुलं विकते. तिनं बोटीचं टोक धरलं, मी छताखालची कपड्यांची दोरी ओढून काढली आणि जी जमेल ती गाठ मारली. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आला असता तर कदाचित. कदाचित जगला असता, कदाचित नसता. मी त्याच्याशी भांडले नाही. तो बिचारा लहान होता. माझं भांडण तुमच्याशी आहे.

दुसरी चाबी मी अजून शोधते आहे. चहाच्या डब्यात नाही, रेडिओच्या मागं नाही, मशीनच्या खणात नाही, तुमच्या जुन्या वर्दीच्या खिशात नाही. एवढी जपून ठेवलीत की जिच्यासाठी ठेवली तिलाच सापडत नाही. आता तिचा उपयोग काहीच नाही. तरी शोधते. मला पाहायचं आहे की तुम्ही ती ठेवली कुठं होती, माझ्या हाताला लागेल अशा जागी की नाही. एवढं एक कळलं असतं तर माझा राग थोडा कमी झाला असता. ते तरी सांगून जायचं होतं.

आज सकाळी मिलिंद आला. सोबत एक माणूस आणला होता, नव्या रायपूरच्या वाटेवर ज्याचं मोठं हॉटेल आहे. त्याला बोट विकत हवी आहे. बागेत ठेवणार, सिमेंटच्या चबुतऱ्यावर, लोकांना फोटो काढायला. म्हणाला, "पक्का जमा देंगे, हिलेगी भी नहीं." तुम्हाला आवडला असता तो माणूस. त्यानं वाकून माझी निळी दोरी ओढून पाहिली आणि मिलिंदकडं बघून हसला. "ये तो ढीली बंधी है."

"ढिलीच बांधाची असते," मी म्हटलं. "अन् बोट विकाची नाही."

तो गेला. मिलिंद पायरीवर बसला, बूट सांभाळत. पोट्टा तुमच्यासारखाच दिसतो वाकून बसला की. म्हणाला, "आई, फ्लैट में लिफ्ट है, गार्ड है, सब है. यहाँ क्या है?"

मी त्याला सांगितलं की तुझ्या फ्लॅटच्या खिडकीतून मी एक अख्खा दिवस बघितलं आहे. रुंद रस्ता, त्यावर गाड्या, आणि पायी चालणारं एक माणूस नाही. हाक मारायची तर कुणाला? मी पुलाखालून घाटावर यायला इतकी वर्षं भांडले. आता आले आहे, तर कुठं जाऊ? मिलिंदला मराठी सगळी कळते, बोलत तेवढी नाही. वरून दुलारी ओरडली, "ले रहन दे न भैया! मैं इहेंच रहिथों दिन भर. रात के मोर घर घलो इही पारा म हे." दिवसभर ती इथंच असते आणि रात्रीही तिचं घर याच वस्तीत. मी म्हटलं, हव.

तरी त्यानं विचारलंच. "रात को कुछ हो गया तो? कौन है यहाँ?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "मी आहो ना."

निघालं आणि मी दचकले. अख्ख्या अंगातून राग सणकत गेला, तुमच्यावरचा आणि माझ्यावरचाही. मला तुमचं सगळं चालेल. तुमचा रेडिओ ठेवीन, घासलेला तांब्या उजेडात धरून पाहीन, गाडीचा आवाज आला तर कान देईन. पण हे वाक्य मी तुमच्याकडून घेणार नाही. माझ्या बोटीवर हे वाक्य पुन्हा नाही.

मी मिलिंदला म्हटलं, बूट काढ, इकडं ये. तो आला. बोट हलली तशी त्यानं माझा खांदा धरला. मी त्याच्या हातात निळ्या दोरीचं मोकळं टोक दिलं. ही गाठ मी या आठवड्यात दुलारीकडून शिकून पक्की केली आहे. भार पडला की आवळते, आणि हे टोक ओढलं की सुटते. दुलारीला येते, मला येते.

"ओढ," मी म्हटलं.

त्यानं ओढलं. गाठ सुटली, बोट पायरीपासून हातभर मागं सरकली आणि नदीवर मोकळी झाली. मिलिंद हातातल्या दोरीकडं बघत राहिला. त्यानंच तुमचा पायजमा धुवायला टाकताना कापलेली नाडी पाहिली होती आणि तेव्हा काही विचारलं नव्हतं.

"बस, इतना ही?" तो म्हणाला.

एवढंच होतं हो. एवढंच करायचं होतं तुम्ही.